शाळेची परीक्षानळी आणि खताचे पोते

खरीप हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरी जी पोती येऊन पडतात, त्यांपैकी बियाण्याची पारख करण्याची विद्या त्याच्यापाशी पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. दाणा दाताखाली धरून, मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून तो उगवणीचा अंदाज घेतो. शेणखत पुरते कुजले की नाही, हे तो नुसत्या वासावरून सांगतो. परंतु रासायनिक खताच्या बाबतीत त्याची ही सारी इंद्रिये निरुपयोगी ठरतात. एक पांढरा खडा आणि दुसरा पांढरा खडा यांत डोळ्यांना भेद दिसत नाही. पोत्यावर जे छापले असेल त्यावर विश्वास ठेवणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

वस्तुतः या दोन पांढऱ्या खड्यांतील भेद सांगणारी विद्या गावात असतेच. ती माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात बंद असते. रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थी अज्ञात क्षार ओळखण्याचे जे प्रयोग करतात, त्यांना गुणात्मक पृथक्करण असे म्हणतात. परीक्षेपुरते पाठ करून पुढे विसरण्याचा तो विषय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहावे आणि त्या प्रयोगांचा शेतीस कसा उपयोग होतो हे दाखवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पृथक्करण म्हणजे काय?

पदार्थ काय आहे हे सांगणारे ते गुणात्मक पृथक्करण आणि किती आहे हे सांगणारे ते परिमाणात्मक पृथक्करण. पहिल्या प्रकारची पद्धतशीर मांडणी जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस याने 1841 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केली. हा फ्रेझेनियस पुढे गीसेन येथे लीबिग याचा साहाय्यक झाला. वनस्पतींच्या पोषणाला खनिज द्रव्ये लागतात हा विचार शेतीत रुजविणारा लीबिग तो हाच. शेतीचे रसायनशास्त्र आणि पदार्थ ओळखण्याची ही विद्या यांचा संबंध असा अगदी आरंभापासूनचा आहे.

खतातील भेसळही तितकीच जुनी आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्लंडमध्ये पेरू देशाहून येणाऱ्या ग्वानो नावाच्या खतात माती व वाळू मिसळून ते विकले जाई. तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने आपले सल्लागार रसायनशास्त्रज्ञ नेमले होते, ते सभासदांना खतांची व पेंडीची तपासणी करून देत. याच पदावरील डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे 1889 साली हिंदुस्थानात आले आणि येथील शेतीच्या सुधारणेविषयीचा त्यांचा अहवाल 1893 साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात खतांच्या दर्जाचे नियमन करणारा आदेश प्रथम 1957 साली निघाला. त्याच्या जागी आलेला खत नियंत्रण आदेश, 1985 हा आज लागू आहे.

दोन जुळे स्फटिक

एका उदाहरणाने विषय स्पष्ट करू. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हे दोन क्षार शेतीत वापरले जातात. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात सहज विरघळणारे. दोहोंच्या रेणूत स्फटिकजलाचे सात रेणू असतात आणि त्यांच्या स्फटिकांची घडणही सारखीच असते. त्यामुळे ते शेजारी ठेवले असता जाणकारासही ओळखू येत नाहीत. किमतीत मात्र मोठे अंतर असून मॅग्नेशियम सल्फेट बरेच स्वस्त असते. सबब झिंक सल्फेटच्या पिशवीत मॅग्नेशियम सल्फेट भरण्याचा मोह अप्रामाणिक माणसास होतो.

यात होणारी हानी केवळ पैशाची नव्हे. 1966 साली पंतनगर येथे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी भातावरील खैरा हा रोग जस्ताच्या अभावामुळे होतो, असे दाखवून दिले. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत जस्त असूनही ते पिकाला मिळत नाही. संत्र्याची पाने बारीक राहून शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, मक्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पट्टे उमटतात. अशा शेतात शेतकरी हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट टाकतो आणि सुधारणेची वाट पाहतो. पिशवीत जस्तच नसेल तर खर्च वाया जातोच, शिवाय ज्या पंधरवड्यात उपाय करणे शक्य होते, तो हातातून निघून जातो.

आता शाळेतील कपाट उघडू. प्रथम बेरियम क्लोराईडची बाटली घेऊ. दोन्ही क्षारांच्या द्रावणात त्याचे थेंब टाकले असता दोन्हींत पांढरा साका, म्हणजे अवक्षेप, पडतो. ही सल्फेटची चाचणी झाली आणि सल्फेट तर दोघांतही आहे! चाचणी बरोबर होती, परंतु प्रश्न चुकीचा विचारला गेला. आपल्याला विचारावयाचे आहे ते सल्फेटबद्दल नव्हे, जस्ताबद्दल.

म्हणून दुसरी बाटली कॉस्टिक सोड्याची घ्यावी. खताचे थोडे द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात कॉस्टिक सोड्याचे विरल द्रावण थेंबथेंब सोडावे. भाताच्या पेजेसारखा पांढरट, बुळबुळीत साका दिसू लागेल. येथवर दोन्ही क्षार सारखेच वागतात. आता त्याच नळीत कॉस्टिक सोड्याचे संहत द्रावण अधिक प्रमाणात घालून नळी हलवावी. साका जस्ताचा असेल तर तो विरघळून द्रावण निवळते. मॅग्नेशियमचा असेल तर कितीही सोडा घातला तरी तो तसाच राहतो. जस्ताचे हायड्रॉक्साईड आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही विरघळते, मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साईड अल्कलीत विरघळत नाही, हे त्याचे कारण होय. नववी-दहावीच्या पुस्तकात उभयधर्मी या शब्दाची जी व्याख्या विद्यार्थी घोकतात, तिचा अर्थ येथे शेतकऱ्याच्या एका हंगामाएवढा आहे.

नळीत किंचित गढूळपणा राहिला तर लगेच भेसळीचा निष्कर्ष काढू नये. अस्सल मालातही अल्प प्रमाणात इतर धातू असू शकतात. पण साक्याचा मोठा भाग तसाच राहिला, तर संशयास जागा आहे.

एक चूक व तिचा धडा

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका गावातून तक्रार आली की, युरिया टाकूनही कपाशी पिवळीच राहिली आहे, खतात मीठ मिसळलेले असावे. युरियात मीठ असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका पडतो, हे लेखकास पाठ होते. तो बाटली घेऊन गावी गेला. चावडीसमोर वीस-पंचवीस मंडळी जमली होती. कोणीतरी घागरीतले पाणी पेल्यात ओतून दिले. त्यात युरिया विरघळविला, वर थेंब टाकले आणि पाणी पांढरे झाले.

मग व्हायचे तेच झाले. ज्यांच्या दुकानातून खत आले होते ते वयस्क गृहस्थ तेथेच उभे होते. त्यांच्या अंगावर लोक धावून गेले. "साहेब, चाळीस वर्षं ह्या गावाला माल देतोय, असं काम मी करणार नाही," असे ते हात जोडून पुन:पुन्हा म्हणत होते आणि त्यांचे कोणी ऐकत नव्हते.

त्या गर्दीत गावच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक होते. ते पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, रागावू नका. पण नुसत्या पाण्यात थेंब टाकून पाहिलात का?"

टाकून पाहिले नव्हते. गुरुजींनी दुसरा पेला घेतला, त्याच घागरीतले पाणी त्यात ओतले, युरिया मुळीच न घालता दोन थेंब टाकले. पाणी तसेच पांढरे झाले! गावच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. त्यातच क्लोराईड होते. एका मुलास शाळेत धाडून ऊर्ध्वपातित पाणी आणविले आणि तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी द्रावण नितळ राहिले. खत शुद्ध होते. कपाशी पिवळी पडली होती ती सतत पावसाने शेतात पाणी साचून राहिल्यामुळे. मुळांना हवा मिळत नव्हती आणि दिलेले नत्रही निचऱ्यावाटे व वायुरूपाने निघून गेले होते.

लेखकाने त्या गृहस्थांची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ती त्यांनी दिली, परंतु त्यानंतर काही दिवस त्यांचे दुकान ओस पडले होते, हेही खरे आहे. थेंब परत बाटलीत घालता येतो असे नाही.

विद्यार्थी प्रयोगवहीत "कोरी चाचणी" असा एक रकाना भरतात. पदार्थ न घालता केवळ पाणी व अभिकारक यांवर तीच कृती करून पाहणे, असा तिचा अर्थ. पुष्कळदा हा रकाना प्रयोग न करताच भरला जातो. तो का असतो हे त्या दिवशी समजले. यास्तव पुढील प्रत्येक चाचणी शुद्ध पाण्यात आणि कोऱ्या चाचणीसह करावी, हा पहिला नियम समजावा.

निरनिराळ्या खतांच्या चाचण्या

युरिया. यात 46 टक्के नत्र असते. तो पाण्यात पूर्ण विरघळतो व पेला हाताला थंड लागतो. पण म्युरिएट ऑफ पोटॅशही विरघळताना थंडावा देते, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. पळीत थोडा युरिया घेऊन तापविल्यास तो सुमारे 133 अंश सेल्सियसला वितळतो, अमोनियाचा वास येतो आणि तीव्र उष्णता देत राहिल्यास पळीत काहीही उरत नाही. मीठ, वाळू किंवा अन्य खनिज असेल तर ते मागे राहते. निश्चित ओळख पटवावयाची असल्यास वितळलेला युरिया काही काळ मंद आचेवर ठेवून थंड करावा, पाण्यात घोळून त्यात कॉस्टिक सोडा व मोरचुदाच्या विरल द्रावणाचा एखादा थेंब टाकावा. जांभळा रंग येतो. तापविल्याने तयार झालेल्या बाययुरेटमुळे हा रंग येतो. देशातील युरियास 2015 पासून निंबोळी तेलाचे लेपन असते, त्यामुळे द्रावणावर तेलकट तवंग दिसला तर तो भेसळीचा पुरावा मानू नये.

डाय-अमोनियम फॉस्फेट. यात 18 टक्के नत्र व 46 टक्के स्फुरद असते. त्याऐवजी 16 टक्के स्फुरदाचे दाणेदार सुपर फॉस्फेट पोत्यात भरले, तर शेतकऱ्याचे नत्र पूर्ण जाते आणि स्फुरदही जेमतेम तिसरा हिस्सा पदरी पडते. ओळख सोपी आहे. तंबाखू मळताना जसा चुना लावतात, तसा दाण्यांचा चुरा चुन्याबरोबर घोटावा. अमोनियाचा झणझणीत वास येतो. तळहात न वापरता हे काम वाटीत करावे हे बरे. नाकावर विश्वास नसेल तर हळदीच्या पाण्यात बुडविलेला कागदाचा ओला तुकडा वाटीवर, चुन्याला स्पर्श होणार नाही असा धरावा. तो तांबूस होतो. हळद व चुना यांपासून कुंकू करताना जो रंगबदल आपल्या घरांतून पाहिला जातो, तोच हा. सुपर फॉस्फेटचा दाणा चुन्याने असा वास देत नाही. युरियाही थंड चुन्याबरोबर लगेच वास देत नाही, कारण त्यातील नत्र अमोनियमच्या रूपात नसते. तापविले असता डाय-अमोनियम फॉस्फेटचे दाणे फुगतात, सुपर फॉस्फेटचे फुगत नाहीत.

मात्र अमोनियाचा वास अमोनियम सल्फेटलाही येतो. म्हणून स्फुरदाची चाचणी जोडीस हवी. चुरा विरल नत्राम्लात विरघळवून, गाळून, त्यात अमोनियम मॉलिब्डेटचे द्रावण घालून कोमट करावे. पिवळाधमक साका स्फुरदाची साक्ष देतो. दोन्ही चाचण्या जुळल्या तरच समाधान मानावे. शिवाय एकाच पोत्यात दोन प्रकारचे दाणे मिसळलेले असू शकतात. तेव्हा सर्व चुरा एकत्र न करता दहा-बारा दाणे वेगवेगळे तपासावेत.

म्युरिएट ऑफ पोटॅश. यात मीठ मिसळले आहे काय, हे सिल्व्हर नायट्रेटने कळणार नाही, कारण पोटॅश व मीठ दोन्ही क्लोराईडच आहेत. येथे ज्योतीची परीक्षा उपयोगी पडते. स्वच्छ तारेच्या टोकावर ओलसर खत घेऊन धूररहित ज्योतीत धरल्यास पालाशामुळे फिकट जांभळी आणि मिठातील सोडियममुळे पिवळी छटा येते. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खहोफ यांनी याच ज्योतीच्या प्रकाशाचे पृथक्करण करून 1860 व 1861 साली सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. पण अल्पसे सोडियमही जांभळी छटा झाकून टाकते आणि अस्सल खतातही ते थोडे असते. म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून ज्योत पाहावी. पिवळा प्रकाश काचेत अडतो व जांभळा दिसतो. या परीक्षेने पालाश आहे एवढे कळते, मीठ किती हे कळत नाही.

मोरचूद व बोर्डो मिश्रण. हे खत नव्हे, परंतु बागायतदारांच्या नित्य कामाचे असल्याने येथे घेतले आहे. फ्रान्समध्ये मिलार्दे याने 1885 साली प्रसिद्धीस आणलेले हे मिश्रण द्राक्षावरील केवडा व सुपारीवरील कोळे रोग यांवर आजही वापरतात. 1 टक्का मिश्रणास 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी लागते. चुना जुना किंवा हलका असला तर काही तांबे मोकळे राहते व पाने करपतात. फवारणीपूर्वी घासून स्वच्छ केलेले लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ धरावे. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी आणि थर चढेनासा होईपर्यंत परीक्षा चालू ठेवावी. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढते, हा शाळेतील विस्थापनाचा प्रयोगच येथे बागेचे रक्षण करतो.

मर्यादा आणि पुढील मार्ग

या चाचण्या काय आहे ते सांगतात, किती आहे ते सांगत नाहीत. 46 टक्क्यांऐवजी 40 टक्के नत्र असलेला माल यांतून सहज सुटून जाईल. तसेच गावात केलेल्या चाचणीस कायद्याच्या दृष्टीने पुराव्याचे मूल्य नाही. चाचणीने संशय बळावला, तर दुकानासमोर गर्दी करू नये. खरेदीची पावती व पोत्यावरील लेबल जपून ठेवावे, उरलेली पोती न फोडता बाजूस ठेवावीत आणि तालुक्यातील कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. खत निरीक्षक विहित रीतीने नमुना घेतो. त्या नमुन्याचे तीन भाग करून एक प्रयोगशाळेकडे, एक विक्रेत्याकडे व एक वादप्रसंगी फेरतपासणीसाठी राखून ठेवला जातो. विक्रेत्यालाही न्याय मिळावा, हाच या तिसऱ्या भागाचा उद्देश आहे.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. कोणताही पदार्थ चाखून पाहू नये. कॉस्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो, सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात. आम्ल नेहमी पाण्यात सोडावे, पाणी आम्लात ओतू नये. हे प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावेत.

ग्रामीण शाळांतील शिक्षकांस अशी विनंती आहे की, अज्ञात क्षार ओळखण्याच्या तासाला नेहमीच्या बाटल्यांबरोबर विद्यार्थ्यांच्या घरचे चमचाभर खतही एकदा ठेवावे. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी हे केल्यास खरेदीच्या वेळी त्या ज्ञानाचा उपयोग होईल. आणि शेतकरी बंधूंनी आपल्या मुलांना निकाल विचारताना एक प्रश्न अवश्य विचारावा: "नुसत्या पाण्यात थेंब टाकून पाहिलास ना?"